पिवळ्या धोत्र्याचा काढा : मालीत औषध, भारतात विष

पडीक जमीन, रेल्वेरुळांची कड, ओढ्याचे कोरडे पात्र, हिवाळ्यातील रिकामी शेते अशा ठिकाणी आपोआप उगवणारा पिवळा धोत्रा महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. काटेरी कडांची पाने, त्यांवरील पांढरट शिरा, पिवळीधमक फुले आणि देठ मोडताच पाझरणारा पिवळा चीक ही त्याची ओळख. शेतकरी त्याला तण म्हणून उपटून टाकतो आणि जनावरेही सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात मात्र याच झुडपाच्या पाल्याचा काढा हिवतापावरील औषध म्हणून घेतला जातो. तेथील शासकीय संशोधकांनी त्याची रीतसर चाचणी घेतली आणि हिवतापाच्या प्रस्थापित गोळ्यांशी त्याची तुलनाही केली. दुसरीकडे, याच झुडपाच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत साठांहून अधिक माणसे दगावली.

एकच वनस्पती एका देशात औषध आणि दुसऱ्या देशात विष कशी ठरते, या प्रश्नाचे उत्तर ‘झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही’ या सर्वत्र रूढ असलेल्या समजुतीलाच हात घालते. त्यासाठी मालीतील या काढ्याची हकीकत मुळापासून समजून घ्यावी लागते.

‘सुमाया’ म्हणजे हिवताप

मालीत ‘चहा’ या शब्दाने अनेक पेयांचा बोध होतो. गप्पांच्या मैफलीत छोट्या किटलीतून तीन फेऱ्यांत दिला जाणारा चिनी हिरवा चहा हा एक प्रकार. सेनेगल आणि मालीत न्याहारीला किंवा रमजानचा उपवास सोडताना प्यायला जाणारा ‘किंकेलिबा’ या पानांचा चहा हा दुसरा. तिसरा प्रकार आजारपणातील काढ्यांचा. पाने, साल किंवा मुळे पाण्यात उकळून केलेले हे काढे वैदूच्या सल्ल्याने ठरावीक दिवस घेतले जातात. पिवळ्या धोत्र्याचा काढा या तिसऱ्या प्रकारात मोडतो. तो रोजचे पेय नाही, हे तेथील वैदूही जाणतात.

मालीतील बहुसंख्य लोकांना समजणाऱ्या बांबारा भाषेत हिवतापाला ‘सुमाया’ म्हणतात. ‘सुमा’ म्हणजे थंड. मराठीतील ‘हिव’ भरून येणारा ताप आणि बांबारातील गारठ्याचा ताप, दोन्ही भाषांनी रोगाचे एकच लक्षण नेमके पकडले आहे. त्याच भाषेत ‘फुरा’ म्हणजे पान आणि ‘फुरा’ म्हणजेच औषधही. पाला आणि औषध यांना एकच शब्द असलेल्या समाजात ताप आल्यावर पहिला हात झाडाकडे जावा, यात नवल नाही.

परंतु केवळ परंपरा हे त्यामागचे कारण नाही. मालीत हिवतापाचा जोर पावसाळ्यात असतो. त्याच काळात कच्चे रस्ते बंद होतात, आरोग्य केंद्र दूर राहते, मागील वर्षाचे धान्य संपत आलेले असते आणि हाती पैसा नसतो. तापलेले मूल घेऊन निघालेल्या आईला वैदूचे घर जवळचे वाटते ते यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगभरात २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार लोक दगावले. त्यांपैकी ९५ टक्के मृत्यू संघटनेच्या आफ्रिका विभागातील होते आणि त्या विभागातील मृतांत पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे तीनचतुर्थांश होते. हिवतापावरील काढा उपयोगी आहे की निरुपयोगी, हा प्रश्न तेथे जिवाशी निगडित आहे.

आधी रुग्णाला विचारा

वनस्पतींपासून औषध शोधण्याची रूढ पद्धत प्रयोगशाळेत सुरू होते. शेकडो वनस्पतींचे अर्क परीक्षानळीत जंतूंवर टाकून पाहायचे, परिणामकारक अर्कातून मूळ रसायन वेगळे करायचे, ते उंदरांना द्यायचे आणि सर्वांत शेवटी माणसाकडे वळायचे. या वाटेत बहुतेक वनस्पती गळून पडतात. परीक्षानळीत जंतू मारणारे रसायन पोटातून रक्तात पोहोचतेच असे नाही आणि पोहोचले तरी ते माणसाला सोसेलच असेही नाही. शिवाय वर्षे आणि कोट्यवधींचा पैसा खर्च झाल्यानंतर हाती येणारी गोळी बहुधा त्या खेड्यातील माणसाला परवडणारी नसते.

मालीची राजधानी बामाको येथील पारंपरिक औषध विभागाने युरोपातील काही संशोधकांच्या साहाय्याने उलटी वाट धरली. द्रिसा दियालो, बर्ट्रांड ग्राझ आणि मर्लिन विलकॉक्स ही या कामातील प्रमुख नावे. त्यांनी सुरुवात रुग्णांपासून केली. घरोघरी जाऊन त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या : अलीकडे हिवताप झाला तेव्हा कोणता उपचार केला, आणि पुढे काय झाले? अशा ९५२ रुग्णांची माहिती गोळा झाली. त्यात ६६ वनस्पतींचा उल्लेख आला. प्रत्येक वनस्पतीचा वापर आणि रुग्णाचे बरे होणे यांचा सांख्यिकी पडताळा घेतल्यावर एक नाव ठळकपणे पुढे आले. ते होते ‘आर्जिमोनी मेक्सिकाना’, म्हणजेच आपला पिवळा धोत्रा. त्याचा काढा घेतलेले तीसच्या तीस रुग्ण बरे झाल्याची नोंद होती.

तीस ही संख्या लहान आहे आणि हिवताप झालेले अनेक जण अंगच्या प्रतिकारशक्तीनेही बरे होतात. त्यामुळे या नोंदीला पुरावा मानता येत नव्हते. मात्र ६६ वनस्पतींपैकी कोणत्या वनस्पतीवर वेळ आणि पैसा खर्च करावा, याचा कौल त्यातून मिळाला. या पाहणीचे मूल्य तेवढेच होते आणि संशोधकांनी ते तेवढेच मानले.

मात्रेचा प्रश्न

पुढील टप्पा मात्रेचा होता. एकाच वनस्पतीचा काढा कोणी दिवसातून एकदा देतो, कोणी चारदा. कोणाचा काढा दाट, कोणाचा पातळ. सिकासो भागातील मिसिदुगु या गावी, तेथील वैदूच्या सहकार्याने, गंभीर स्वरूप न धारण केलेल्या हिवतापाच्या ८० रुग्णांवर तीन मात्रांची तुलना करण्यात आली. पहिल्या गटाला दिवसातून एकदा असा तीन दिवस काढा मिळाला. दुसऱ्या गटाला दिवसातून दोनदा, सात दिवस. तिसऱ्या गटाला पहिले चार दिवस दिवसातून चारदा आणि पुढील तीन दिवस दोनदा.

या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. चौदाव्या दिवशी समाधानकारक गुण आलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३५ टक्के, दुसऱ्यात ७३ टक्के आणि तिसऱ्यात ६५ टक्के होते. या तीन आकड्यांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. अपुरी मात्रा घेतली तर दर तिघांमागे दोघांना पुरेसा गुण येत नाही, ही एक. एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवून फायदा वाढत नाही, ही दुसरी. ‘झाडपालाच आहे, थोडा कमी-जास्त झाला तर काय बिघडते’ या वृत्तीला यापेक्षा स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

यानंतर दुसऱ्या गटाला दिलेली मात्रा घेऊन मोठी चाचणी झाली. हिवताप असल्याचे मानलेल्या ३०१ रुग्णांना चिठ्ठीच्या पद्धतीने दोन गटांत विभागण्यात आले. १९९ जणांना काढा देण्यात आला आणि १०२ जणांना आर्टेसुनेट व अमोडायाक्विन या औषधांची प्रस्थापित जोडगोळी. रुग्णांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. गुण न आल्यास दुसरा उपचार तत्काळ देण्याची तजवीज होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, काढा घेतलेल्या ८९ टक्के रुग्णांना दुसऱ्या औषधाची गरज भासली नाही. गोळ्या घेतलेल्यांत हे प्रमाण ९५ टक्के होते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत आजार गंभीर होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, १.९ टक्के, राहिले.

हा काढा पुढे ‘सुमाफुरा तिएमोगो बेंगाली’ या नावाने ‘सुधारित पारंपरिक औषध’ म्हणून विकसित करण्यात आला. यातील ‘बेंगाली’चा बंगालशी काही संबंध नाही. ज्या वैदूच्या ज्ञानावर हे काम उभे राहिले, त्याचे ते आडनाव. स्थानिक ज्ञान घ्यायचे आणि श्रेय मात्र दुसऱ्याने लाटायचे, हा अनुभव आफ्रिकेला आणि आशियाला नवा नाही. त्यामुळे औषधाच्या नावातच वैदूचे नाव गुंफण्याची ही रीत लक्षणीय ठरते. या सर्व कामाला सहा वर्षे लागली आणि सुमारे चार लाख युरो खर्च आला. नव्या रासायनिक औषधाच्या शोधासाठी लागणाऱ्या रकमेपुढे हा खर्च नगण्य होय.

आकडे काय सांगत नाहीत

८९ आणि ९५ हे आकडे शेजारी ठेवल्यावर ‘काढा जवळजवळ गोळीइतकाच चांगला’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा.

पहिली मर्यादा निदानाची. मोठ्या चाचणीतील रुग्णांना हिवताप असल्याचे लक्षणांवरून मानले होते. तापाच्या काही रुग्णांना दुसराच आजार असू शकतो आणि तो आपोआप बराही होऊ शकतो. अशा रुग्णांमुळे दोन उपचारांतील फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याचा संभव असतो.

दुसरी मर्यादा जंतूंची. मात्रा ठरवण्याच्या अभ्यासात बऱ्या वाटू लागलेल्या अनेक रुग्णांच्या रक्तात चौदाव्या दिवशीही हिवतापाचे परजीवी होते. त्यांची संख्या घटली होती, पण ते पूर्णपणे नाहीसे झाले नव्हते. ताप उतरणे आणि रोग निघून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. मालीतील खेड्यात राहणाऱ्या माणसाला लहानपणापासून वारंवार हिवताप होऊन गेलेला असतो. जो जगतो-वाचतो त्याच्या शरीरात काही अंशी प्रतिकारशक्ती तयार होते. परजीवींची संख्या कमी करण्याचे काम काढा करतो आणि उरलेले काम ही प्रतिकारशक्ती करते. मुंबई-पुण्याहून नोकरी-व्यापारासाठी पश्चिम आफ्रिकेत गेलेल्या माणसाकडे ही शिदोरी नसते. मालीतील शेतकऱ्याला तारणारा काढा अशा प्रवाशाला तारेल, असे कोणत्याही चाचणीने दाखवलेले नाही. अगदी लहान बालकांची स्थितीही या बाबतीत प्रवाशासारखीच असते, कारण त्यांची प्रतिकारशक्ती अजून तयार व्हायची असते.

म्हणूनच या संशोधकांनीही काढ्याला गोळ्यांचा पर्याय म्हटले नाही. आरोग्य केंद्र दूर असताना किंवा गोळ्या उपलब्ध नसताना, गंभीर नसलेल्या तापावर घरच्या घरी करावयाचा पहिला उपचार, एवढीच भूमिका त्यांनी मांडली. सर्वांनी सर्व वेळी एकच औषध वापरल्यास परजीवी त्या औषधाला सरावतात. क्लोरोक्विन हे स्वस्त आणि गुणकारी औषध आफ्रिकेत असेच निकामी झाले. काढ्याच्या मर्यादित वापराने नव्या औषधांवरील हा ताण थोडा हलका होईल, अशीही त्यांची अपेक्षा होती.

त्याच झाडाची दुसरी बाजू

भारतात मात्र पिवळ्या धोत्र्याची ख्याती निराळी आहे. मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हे झुडूप आज जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरले आहे. महाराष्ट्रात त्याला ‘फिरंगी धोत्रा’ असेही म्हणतात आणि ते परदेशातून आल्याची खूण या नावातच उमटली आहे. खऱ्या धोत्र्याशी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे. खरा धोत्रा वांगी-बटाट्याच्या कुळातला, तर पिवळा धोत्रा अफूच्या.

या झुडपाच्या बिया काळपट, बारीक आणि मोहरीसारख्या दिसणाऱ्या असतात. मोहरीच्या पिकात ते तण म्हणून वाढते आणि कापणीच्या वेळी त्याच्या बिया मोहरीत मिसळू शकतात. कधी ही भेसळ जाणूनबुजूनही केली जाते. अशा तेलाच्या सेवनाने होणाऱ्या रोगाची नोंद १८७७ साली कोलकात्यात झाली. पायांवर सूज, धाप, त्वचेवर लाली, हृदयावर ताण आणि काही रुग्णांत डोळ्यांतील दाब वाढणे ही त्याची लक्षणे. जलोदरासारख्या सुजेमुळे आणि साथीच्या स्वरूपात येत असल्याने डॉक्टर त्याला ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ म्हणू लागले. हा रोग जंतूंमुळे होत असावा, असा समज दीर्घकाळ होता. पिवळ्या धोत्र्याच्या तेलाशी असलेला त्याचा संबंध विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाला.

१९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिल्लीत या रोगाची मोठी साथ आली. सुमारे तीन हजार लोक आजारी पडले आणि साठांहून अधिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर केंद्र सरकारने खाद्यतेलाच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घालणारा आणि ते बंद वेष्टनात विकण्याचा आदेश काढला. आज किराणा दुकानात तेल पिशवीत किंवा डब्यात मिळते, त्यामागे या साथीचाही इतिहास आहे.

या विषबाधेला कारणीभूत असणारी द्रव्ये म्हणजे सँग्विनारिन आणि त्याच्या जातीचे डायहायड्रोसँग्विनारिन. ती बियांत आणि बियांच्या तेलात मोठ्या प्रमाणात असतात. केशवाहिन्या त्यांच्यामुळे सैल पडतात, त्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि शरीर सुजते. मोहरीच्या तेलात या तेलाचे प्रमाण केवळ एक टक्का असले तरी रोग होऊ शकतो.

पाल्याची रासायनिक घडण निराळी आहे. त्यात बर्बेरिन, प्रोटोपिन आणि अ‍ॅलोक्रिप्टोपिन ही अल्कलॉइड द्रव्ये आढळतात. परीक्षानळीत या तिन्हींनी हिवतापाच्या परजीवीला रोखल्याचे दिसले आहे. बर्बेरिन आपल्याकडील दारुहळदीतही असते. मात्र तोंडावाटे घेतल्यास ते रक्तात फारच थोडे शोषले जाते. त्यामुळे काढ्याचा गुण नेमका कोणत्या द्रव्याचा, की अनेक द्रव्यांच्या एकत्रित परिणामाचा, हा प्रश्न एका वाक्यात मिटणारा नाही.

मालीतील काढा पाल्याचा आणि पाण्यात केलेला, तर दिल्लीतील विषबाधा बियांतून काढलेल्या तेलाची. एकाच झाडाचे वेगळे भाग, वेगळी कृती आणि म्हणून वेगळा परिणाम. पण हा भेद कागदावर जितका स्वच्छ दिसतो तितका चुलीवर राहत नाही. पाला खुडताना बोंडे आणि बिया त्यात आल्या, कोवळ्या झुडपाऐवजी बी धरलेले झुडूप उपटले, काढा आटवून दाट केला, तर औषध आणि अपाय यांतील अंतर कमी होते. चाचणीतील काढा विशिष्ट ठिकाणच्या, ओळख पटवलेल्या पाल्याचा होता आणि रुग्णांवर संशोधकांची देखरेख होती. बाजारातून किंवा माळावरून आणलेल्या जुडीला यांपैकी कशाचीही हमी नसते.

सर्पगंधेपासून चालत आलेली वाट

मालीत अवलंबलेल्या या उलट्या पद्धतीला औषधशास्त्रात ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ म्हणतात. ही संकल्पना घडवण्यात आणि रुजवण्यात मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांचा मोठा वाटा आहे. जी वनस्पती माणसे पूर्वीपासून घेत आली आहेत, तिच्याबाबत आधी माणसातील अनुभवाची शिस्तीने नोंद करावी, मग मात्रा व सुरक्षितता तपासावी आणि शेवटी प्रयोगशाळेत कारण शोधावे, असा हा क्रम आहे.

या वाटेचे ठळक भारतीय उदाहरण म्हणजे सर्पगंधा. वैद्यांच्या वापरात असलेल्या या मुळीचा उच्च रक्तदाबावरील गुण मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर तपासला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष त्यामुळे सर्पगंधेकडे वेधले गेले आणि पुढे तिच्यातील रेझरपिन हे द्रव्य जगभर वापरले गेले. परंतु व्यापक वापरानंतर रेझरपिनमुळे काही रुग्णांत नैराश्य येत असल्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या आणि अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर घटला. ज्या वनस्पतीत शरीरावर परिणाम करण्याची शक्ती आहे तिच्यात अपाय करण्याचीही शक्ती असते, हा धडा सर्पगंधेनेही दिला होता.

काढा आणि खबरदारी

जागतिक आरोग्य संघटनेने पारंपरिक औषधांच्या संशोधनाला प्रोत्साहन दिले असले तरी हिवतापाच्या बाबतीत तिची भूमिका सावध आहे. आर्टेमिसिया या वनस्पतीपासून आजची सर्वांत प्रभावी हिवतापविरोधी औषधे तयार झाली आहेत. तरीही तिच्या पानांचा चहा हिवतापावर किंवा प्रतिबंधासाठी वापरण्यास संघटनेने २०१९ मध्ये असहमती नोंदवली. पानांतील औषधी द्रव्याचे प्रमाण दरवेळी बदलते, अपुरी मात्रा पोटात जाते, रोग उलटतो आणि परजीवी औषधाला सरावण्याचा धोका वाढतो, ही त्यामागची कारणे. मात्रेच्या अनिश्चिततेचा हा आक्षेप पिवळ्या धोत्र्याच्या घरगुती काढ्यालाही लागू पडतो.

मालीतील अनुभवातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. हिवताप मेंदूपर्यंत पोहोचला की मुलाला झटके येतात, डोळे फिरतात, शुद्ध हरपते. बांबारा भाषेत या अवस्थेला ‘कोनो’ म्हणजे ‘पक्षी’ असे नाव आहे आणि अनेकांच्या मते तो ‘सुमाया’हून वेगळा, अदृश्य शक्तींमुळे होणारा आजार असतो. त्यामुळे साध्या तापात आरोग्य केंद्र गाठणारी कुटुंबेही नेमक्या या प्राणघातक क्षणी केवळ वैदूकडे जातात. या अवस्थेत कोणताही काढा उपयोगाचा नाही. शुद्ध हरपलेल्या मुलाला तोंडाने काही पाजणेच धोक्याचे असते. त्याला शिरेतून किंवा स्नायूत दिले जाणारे औषध काही तासांच्या आत मिळावे लागते. वैदूने ‘कोनो’ची लक्षणे ओळखून रुग्णाला लगेच आरोग्य केंद्राकडे पाठवणे, हे त्यामुळे काढ्याइतकेच, किंबहुना त्याहून मोलाचे काम ठरते.

गर्भवतींच्या बाबतीत तर काढ्याला थाराच नको. बर्बेरिन असलेली औषधे गर्भारपणात आणि नवजात बालकांसाठी टाळावीत, असा सर्वसाधारण सल्ला आहे, कारण त्यामुळे बालकाची कावीळ बळावण्याचा धोका असतो. गर्भारपणातील हिवताप स्वतःच आई व बाळ दोघांच्याही जिवावर उठू शकतो आणि त्यावर डॉक्टरी उपचारच हवा. यकृत किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी, तसेच नियमित औषधे घेणाऱ्यांनीही अशा प्रयोगापासून दूर राहणे इष्ट.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी याचा अर्थ सरळ आहे. रस्त्याकडेचा पिवळा धोत्रा तोडून काढा करण्याचे येथे काहीही कारण नाही. थंडी वाजून ताप आल्यास रक्ताची तपासणी आणि हिवतापाचे उपचार सरकारी दवाखान्यांत विनामूल्य उपलब्ध आहेत. डोळ्यांत किंवा जखमेवर या झुडपाचा चीक घालण्याची जुनी चालही सोडून द्यायला हवी. सुटे, बिनवेष्टनाचे मोहरीचे तेल घेणे टाळावे. पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्यांनी प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, मच्छरदाणी वापरावी, आणि तेथे असताना किंवा परतल्यानंतर काही महिन्यांतही ताप आल्यास प्रवासाची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

हिवतापाविरुद्धची लढाई आज काढा आणि गोळी यांच्यापुरती उरलेली नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी ‘आर-२१’ ही लस घाना या पश्चिम आफ्रिकी देशाने एप्रिल २०२३ मध्ये सर्वप्रथम मान्य केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि २०२५ मध्ये मालीतही तिचा वापर सुरू झाला. तथापि लसीचे सर्व डोस वेळेवर मिळणे, जलद तपासणीची पट्टी हाताशी असणे आणि गोळ्यांचा साठा न संपणे, या गोष्टी पावसाने तुटलेल्या खेड्यात अजूनही गृहीत धरता येत नाहीत. तोवर तेथील चुलीवर काढा उकळत राहणार. त्यात कोणता पाला पडतो, तो किती दिवस दिला जातो आणि गुण न आल्यास मुलाला उचलून आरोग्य केंद्राकडे कधी न्यायचे, हे वैदूला आणि आईला ठाऊक असणे, हीच त्या काढ्याच्या सुरक्षिततेची खरी कसोटी होय.